कॉफीचा चहा

कॉफीचं कुणी कौतुक करायला लागलं की माझ्या कपाळावर आठी येते. ती कडू असावी, बिनसाखरेची असावी, अमुक डोंगराचीच असावी, आणि नाक लावलं की म्हणे फुलांचा वास यावा. येत असेल बाई. आमच्या घरात कॉफी दहा-बारा वर्षं होती आणि त्यातली बरीच वर्षं तिला करपलेल्या बियांचा वास होता. वडील सोडले तर ती कुणाला आवडत नव्हती, तरी रोज दोनदा चुलीवर चढत होती. हे कसं झालं ते सांगते. कॉफीचा त्यात काही दोष नाही.

तिचा इतिहास मी पुष्कळ नंतर वाचला. अरबस्तानातून कुणी फकीर बिया लपवून घेऊन आला, कर्नाटकातल्या डोंगरावर त्या लावल्या, पुढे साहेबांनी मळे केले आणि मद्रासकडच्या घरांत सकाळ तिच्यावाचून उजाडेनाशी झाली. मग त्या घरांतली मुलं रेल्वेत नोकरीला लागली, बदल्या घेत वर सरकली आणि कॉफी त्यांच्या ट्रंकांतून वर्धा जिल्ह्यात आली. पण स्टेशनापासून आत, आमच्यासारख्या गावात शिरायला तिला फार वेळ लागला.

चहाचं तसं नव्हतं. चहा आमच्या आज्यांच्या तरुणपणी आठवडी बाजारात फुकट पाजत, असं गावातले म्हातारे सांगायचे. फुकटचा म्हणून ते प्यायले आणि त्यांच्या पोरांना विकत घ्यावा लागला. माझ्या लहानपणापर्यंत तो असा मुरला होता की कपातून गरम आणि गोड जे काही येईल त्याला आमच्याकडे चहाच म्हणत. सुंठीचा चहा, गुळाचा चहा, दुधाचा चहा. दुधाच्या चहात चहाची पत्ती नसायची, नुसतं दूध असायचं, पण कुणाला त्यात काही खटकत नसे. त्यामुळे कॉफी आली तेव्हा तिचंही नाव पडून गेलं, कॉफीचा चहा. या नावानं माझ्या आईचा किती जीव खाल्ला ते आमच्या घरालाच माहीत.

आमचं गाव पवनारहून नदी ओलांडली की थोडं आत. घरची बाडी होती, म्हणजे भाजीचा मळा. वांगी, मेथी, मिरची आणि सांभार. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, बाहेरच्या माणसांना ते ऐकून इडली आठवते, त्याला आमचा इलाज नाही. वडील पहाटे माल घेऊन वर्ध्याच्या बाजाराला जात आणि आई दिवसभर निंदण, तोडणी, जुड्या बांधणं यात असे. ती लुगड्याला हट्ट करणारी नव्हती, दागिन्याला नव्हती. तिची चैन एकच, चहा. सकाळचा घाईघाईत व्हायचा. दुपारचा मात्र ती बाडीतून आल्यावर उंबऱ्याशी पाय लांब करून, बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायची. तेवढ्या वेळात तिच्याशी कुणी बोललेलं चालत नसे. "माहा चहा होऊ दे, मंग काय जळालं थे सांग," असं म्हणायची. दिवसातला तेवढा वेळ ती कुणाची बायको नव्हती आणि कुणाची आई नव्हती. वडिलांना चहाचं काही नव्हतं. हातात दिला तर पीत, नाही दिला तर विचारत नसत.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी प्राथमिक शाळेत होते. एका संध्याकाळी खादीतले एक वयस्क गृहस्थ पायी फिरत गावात आले आणि मारुतीच्या देवळापुढे सभा झाली. आमच्या भागात अशी माणसं येत असत, त्याचं कुणाला नवल नव्हतं. ते चांगलं बोलले. शेवटी म्हणाले की प्रत्येकानं आपल्या आवडीची एक गोष्ट आजपासून सोडावी. मग एकेक जण उठू लागला. कुणी विडी सोडली, कुणी पत्ते सोडले. एकानं भावाशी बांधावरून चाललेलं भांडण सोडलं, त्याला जास्त टाळ्या मिळाल्या. मग माझे वडील उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आजपासून आमच्या घरी चहा बंद."

टाळ्या पडल्या. मी पोरांमध्ये पुढेच बसले होते, माझी मान ताठ झाली. आई सभेला नव्हती, तिला म्हशीचं दूध काढायचं होतं. मी पळत घरी गेले. मला वाटलं, ऐकून तिला आनंद होईल.

ती चुलीपुढे होती आणि गंजात, म्हणजे पातेल्यात, चहाला उकळी येत होती. मी धापा टाकत सांगितलं.

"कोनं म्हनलं?" तिनं विचारलं.

"बाबानं. सगळ्यायसमोर. लय टाळ्या वाजल्या."

तिनं गंज उतरवला, चहा गाळला आणि तिथंच बसून सगळा प्यायली. मग कपबशी धुतली आणि फळीवर पालथी घातली. वडील आले तेव्हा त्यांनी तिला तीच बातमी पुन्हा दिली. ती म्हणाली, "समजलं मले." तेवढंच.

वडील वाईट माणूस नव्हते हे इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे त्यांना लगेच फासावर चढवतील. ते दारू पीत नव्हते, हात उगारत नव्हते, मालात खोटेपणा करत नव्हते. दिलेल्या शब्दाला ते जागत. अडचण एवढीच की शब्द त्यांनी दिला होता आणि त्याला जागायचं होतं आईला.

दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला फडकं करकचून बांधून ती वांगी तोडायची. दुपारी उंबऱ्याशी येऊन बसायची आणि हातात काही नसल्यानं लगेच उठायची. शेजारी माझी मोठी आई राहायची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. बोलायला सैल, मनानं सरळ. ती म्हणाली, "माह्या घरी ये ना वो, दोन घोट घे. त्याले कोन सांगाले जाते?"

"चोरून पेऊ कायले?" आई म्हणाली. "मी का चोरी केली?"

आणि ती गेली नाही. गावात कुणाच्याच घरी तिनं चहाला तोंड लावलं नाही. तिच्या या ताठ्याचा मला पुढे फार राग यायचा. पण ती तशीच होती.

कॉफी आणली मामानं. तो सिंदीला रेल्वेत होता आणि तिथल्या क्वार्टरात त्याच्या शेजारी मद्रासकडचं कुटुंब राहायचं. त्यांच्याकडे दोनमजली पितळी भांडं होतं, वरच्या मजल्यावर भुकटी आणि गरम पाणी घालायचं आणि खालच्या मजल्यावर कॉफी उतरायची, असं तो वर्णन करून सांगायचा. बहिणीच्या कपाळावरचं फडकं त्यानं पाहिलं आणि पुढच्या खेपेला कॉफीच्या भुकटीची एक पुडी घेऊन आला. पुडी त्यानं आईला दिली नाही. ती घेऊन तो ओसरीवर वडिलांपुढे बसला.

"भाऊजी, चहाचं झाड अलग, कॉफीचं झाड अलग. चहा पानाचा असते, कॉफी बियाची. तुमी पानं सोडले. बिया सोडल्या का?"

वडिलांना असं वकिली बोलणं आवडायचं. तरी त्यांनी लगेच होकार दिला नाही. बाडीला पाणी देताना विचार केला, जेवताना केला, आणि मामा परत निघाला तेव्हा सांगितलं, "तुह्यं बरोबर हाय. कॉफी चालते."

कॉफी कशी करतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मामा एवढंच सांगून गेला, "चहासारखी कर." आईनं अगदी चहासारखी केली. गूळ घातला, अद्रक ठेचून घातलं, दूध ओतलं आणि चांगली खळखळ उकळू दिली. दूध फुटलं. कपात काळ्या पाण्यावर पांढरे गोळे तरंगत आले. आईनं ते गोळे बोटानं बाजूला सारले आणि प्यायली.

"कशी हाय?" मी विचारलं.

"गरम हाय," ती म्हणाली.

हळूहळू तिला जमलं. गूळ उतरवल्यावर घालायचा, अद्रक घालायचंच नाही, पुरणासाठी ठेवलेलं जायफळ चिमूटभर किसायचं. डोकं दुखायचं थांबलं आणि कपाळावरचं फडकं गेलं. वडीलही एक कप घेऊ लागले. असंच चाललं असतं, पण एके दिवशी मोठी आई ओसरीवरून आत डोकावली आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "काऊन वो, कॉफीचा चहा मांडला का? मले बी देजो वाटीभर."

वडील ओसरीवर दोर वळत होते. त्यांचा हात थांबला.

ती गेल्यावर त्यांनी आईला बोलावलं. "थे काय म्हनून गेली?"

"कॉफी मांगून गेली."

"चहा म्हनली थे. म्या भर सभेत शबद देलता. उद्या गावभर होईन का याच्या घरी चहा चालू हाय." आणि थोडं थांबून म्हणाले, "लोकं जर चहा म्हनतीन तं बंद करा लागते."

मला आता हसू येतं. तेव्हा आईला घाम फुटला होता. कॉफी तिला आवडत होती असं नाही, पण दुपारी उंबऱ्याशी बसायला हातात काहीतरी हवं होतं आणि ते जायला निघालं होतं. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली.

"अन् लोकायनं कॉफी म्हनलं तं?"

वडिलांनी विचार केला. "मंग चालन."

त्या दिवसापासून माझ्या आईनं गावाची जीभ वळवायचं काम अंगावर घेतलं. जो दारात येईल त्याला ती विचारायची, "काय घेता?" तो म्हणायचा, चहा द्या. "चहा नाई." मग तो चुलीकडे बोट दाखवून विचारायचा, थे काय हाय? आई म्हणायची, "थे काय हाय थे तुमी सांगा." कॉफी म्हटल्याशिवाय कप पुढे येत नसे. मोठी आई सवयीनं "कॉफीचा च" पर्यंत जायची आणि जीभ चावायची. एका दात पडलेल्या आजोबांना कॉफी म्हणता येईना, ते 'काफी' म्हणत, आणि आमच्याकडे बोलण्यात हिंदी पुष्कळ असल्यामुळे त्यातून निराळाच गोंधळ व्हायचा. "काफी हाय का?" "हाय." "काफी हाय तं मंग काफी दे." ओसरीवरची माणसं पोट धरून हसायची. आई हसत नसे. ती कपाच्या कानावर बोट ठेवून, समोरच्याच्या तोंडातून कोणता शब्द निघतो याची वाट पाहत उभी असायची. गावात तिची थट्टा चालायची. तिला कॉफीवाली म्हणायचे, आणि त्याचंही तिला वाईट वाटत नव्हतं, कारण चहावाली तरी म्हणत नव्हते.

आणि गाव शिकलं. शिकलं म्हणजे असं की कॉफीला मानच चढला. ग्रामसेवक आला, शाळा तपासायला साहेब आला, कुणाकडे मुलगी पाहायला पाहुणे आले, की आमच्याकडे वाटी घेऊन माणूस यायचं. पाहुण्यांना चहा तर कुणीही पाजतं, कॉफी पाजली की बोलणं जरा वरच्या पट्टीत सुरू होई. एकादशीला कॉफी चालते की नाही यावर बायांचा खल झाला. पान नाही, धान्य नाही, बी आहे, आणि भगर चालते तर ही का नाही, असं ठरून ती उपासाला चालू लागली. पोट बिघडलं की दुधाशिवाय काळी करून त्यात लिंबू पिळून द्यायचे. परीक्षेच्या दिवसांत पोरांना झोप येऊ नये म्हणून द्यायचे, ती पोरं कॉफी पिऊन छान झोपायची.

मग मामाची बदली दूर चंद्रपूरच्या खाली झाली आणि पुड्या यायच्या थांबल्या. वर्ध्यात कॉफी मिळायची, पण ती डब्यातली, रोज पिण्याच्या भावाची नव्हती. आईनं पुन्हा फडकं शोधलं. तेव्हा बाजारात वडिलांना कुणीतरी सांगितलं की तरोट्याचं बी भाजून कुटलं की कॉफीच होते, आश्रमांतून पितात.

तरोटा म्हणजे आमच्याकडचं तण. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याकडेला, उकिरड्यावर, पाहावं तिथं उगवतं. कोवळ्या पानांची भाजी करतात आणि पुढे शेंगा वाळल्या की बी व्यापारी घेतात. ते पिकवायला लागत नाही, फक्त वेचायला लागतं. वडिलांना ही गोष्ट अतिशय पटली. चहा सोडला, कॉफीही विकतची नको, बांधावरचं बी आणा आणि प्या. दिवाळीनंतर आई ते बी लोखंडी कढईत काळं होईपर्यंत भाजायची. धूर घरभर व्हायचा आणि कपड्यांना तो वास आठवडाभर राहायचा. उखळात कुटून डबा भरून ठेवायची. चवीचं विचाराल तर जळलेल्या भाकरीवर कुणी गरम पाणी ओतावं तशी. डोकेदुखी त्यानं थांबत नव्हती, पण तोवर तिचं डोकं बहुधा सगळ्यालाच सरावलं होतं.

वडिलांना मात्र ही कॉफी मनापासून आवडायला लागली. आलेल्या माणसाला ते स्वतः सांगत, "आमच्या घरी कॉफीच असते. चहा किती वर्षं झाले, घरात नाई." आई आत कुटत असायची. धूर तिच्या डोळ्यांत जायचा आणि कौतुक ओसरीवर व्हायचं.

मी दहावीत असेन तेव्हाची गोष्ट. आईच्या माहेरी आष्टीला लग्न होतं, आम्ही दोघीच एसटीनं गेलो, वडील बाडीमुळे राहिले. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तिथल्या थोरल्या मामीनं पाय धुवायला पाणी दिलं आणि काही न विचारता दोघींपुढे चहाचे कप ठेवले. मी आईकडे पाहिलं. तिनं कप उचलला, बशीत ओतला, फुंकला आणि प्यायली. मग भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले. तिचा चेहरा इतका सैल झालेला मी घरी कधीच पाहिला नव्हता.

मामी आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "तुले चालते का हा?"

"त्यायनं आमच्या घरी बंद म्हनलं व्हतं. हे माह्या बापाचं घर हाय."

"मंग तुले कॉफी नाई आवडत?"

"कॉफीत आवडाचं काय हाय, पोरी. अन् थे तरोट्याचं पानी काय कॉफी हाय? चूल पेटवाले कारन पायजे म्हून पेतो."

मला धक्का बसला. इतकी वर्षं ती दारात उभी राहून लोकांना 'कॉफी म्हना' म्हणत होती, आम्हाला वाटायचं तिला त्याचा अभिमान आहे. मी म्हटलं, मग बाबांना सांगत का नाहीस, एकदा सांगून तर पाहा.

ती बशीकडे पाहत होती. "सांगाचं काय? मले चहाचं दुख नाई. त्यायनं मले इचारलं असतं ना, का बा, चहा सोडाव म्हनतो, कसं करू, तं म्या हावच म्हनलं असतं. देवाशपथ. मले इचारलंच नाई. तू येऊन सांगतलं तवा मले समजलं."

त्या दिवशी मला वडिलांचा पहिल्यांदा राग आला. चांगल्या माणसाचा राग येणं फार अवघड असतं, तो धड काढताही येत नाही. परतीच्या बसमध्ये मी धुसफुसत होते आणि आई खिडकीला डोकं लावून शांत झोपली होती. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली आणि तरोट्याचा डबा काढला.

त्यानंतर काही वर्षं गेली. मी वर्ध्याला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होते आणि सुटीत घरी आले होते. गावात पुन्हा सभा होती, या वेळी शाळेच्या पटांगणात, मांडव वगैरे घालून. जुने गृहस्थ वारले होते, त्यांच्या जागी एक मध्यमवयीन बाई आल्या होत्या, तशाच खादीतल्या आणि तशाच चांगल्या बोलणाऱ्या. जुन्या सभेत ज्यांनी शब्द दिला होता त्यांच्यातलं कोण टिकलं याची गावकऱ्यांनी चौकशी केली. विडी सोडणाऱ्यानं पुन्हा धरली होती, पत्तेवाल्याचे पत्ते चालू होते, बांधावरचं भांडण तर कोर्टात गेलं होतं. टिकले होते फक्त माझे वडील. त्यांना पुढे बोलावून हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

वडील म्हणाले, "काई कठीन नाई. मनावर घेतलं तं सोपं हाय. चहा सोडला, आमचं काईच अडलं नाई."

मी बायांमध्ये आईच्या शेजारी बसले होते. तिनं पदर तोंडाजवळ धरला होता. मला वाटलं ती रडते आहे. रडत नव्हती.

मग त्या बाई म्हणाल्या की गेल्या खेपेला सगळे पुरुषच उठले, आज बायकांनीही एकेक गोष्ट सोडावी. बायांमध्ये चुळबुळ झाली, ढकलाढकली झाली. एकीनं दात घासायचा गुडाखू सोडला. एकीनं शिव्या सोडल्या, त्यावर सगळे हसले. आणि माझी आई उठली. चारचौघांत ती कधी बोलली नव्हती. मोठ्या आईनं तिच्या पदराला धरून खाली ओढलं, "बस ना वो, तुमचं तं सोडून झालं." आईनं पदर सोडवून घेतला.

वडील तंबाखू खात. हे मी अजून सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, आमच्याकडे बहुतेक पुरुष खातात. पण वडिलांचा जीव तिच्यात होता. उठल्यावर, जेवल्यावर, बाडीत, ओसरीवर, हातावर मळून चुना लावून दाढेखाली धरली नाही तर त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. हार गळ्यात घालून खुर्चीवर बसल्या-बसल्यासुद्धा त्यांचा अंगठा तळहातावर फिरत होता.

आई म्हणाली, "आजपासून आमच्या घरी तंबाखू बंद."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग टाळ्या पडल्या, आधी बायांमधून, मग सगळीकडून, हाराच्या वेळेपेक्षा पुष्कळ मोठ्या. त्या खादीतल्या बाई उठून आईजवळ आल्या आणि तिचा हात हातात घेतला. वडिलांचा अंगठा तळहातावर तसाच राहिला होता. ते टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे पाहत होते, मग आपल्या हाताकडे पाहिलं, आणि तो हात त्यांनी खुर्चीखाली नेऊन झटकला.

घरी येताना ते पुढे चालत होते आणि आम्ही दोघी मागे. आईची चाल नेहमीचीच होती. मला मात्र आज घरात भांडण पेटणार अशी खात्री होती. ओसरीवर येऊन वडिलांनी हार खुंटीला अडकवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आई चुलीत काड्या सारत होती.

"हे काय केलं तू?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. "सगळ्या गावासमोर? मले एका शबदानं इचाराचं तरी."

आई वळली. तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "इचाराचं असते."

वडिलांचा चेहरा बदलत गेला. आधी राग होता, मग काहीच नव्हतं, मग एकदम म्हातारा दिसायला लागला. ते वळून ओसरीवर जाऊन बसले. त्या संध्याकाळी ते जेवले, पण बोलले नाहीत. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा राग आला. आईकडे पाहिलं तर ती मेथी निवडत होती.

दुसऱ्या दिवशी ते माल घेऊन बाजाराला गेले आणि दुपारी परतले. डोळे लाल होते, तोंड कोरडं पडलं होतं, तंबाखू खाल्लेली दिसत नव्हती. पिशवीतून त्यांनी चहाच्या पत्तीचा पुडा काढला, स्वतः आत आणला आणि चुलीच्या ओट्यावर ठेवला.

आईनं पुड्याला हात लावला नाही. "तुमच्या शबदाचं काय?" तिनं विचारलं.

"माहा शबद माह्यापाशी हाय," ते म्हणाले. "तुह्यं तू पाह्य." आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

ती बराच वेळ पुड्याकडे पाहत उभी होती. मग तिनं गंज घेतला, माठापाशी गेली, आणि पेला माठात घालता घालता थांबली. ओसरीकडे तोंड करून तिनं विचारलं, "तुमाले ठेवू का?"

"नोको," वडील म्हणाले. मग पुष्कळ वेळानं, तिथूनच, "तवा इचाराले पायजे व्हतं म्या."

आईनं एका कपाचं पाणी मोजून गंजात ओतलं आणि चुलीवर ठेवलं.